सिस्टरचा हात हलका

मुदखेडच्या माझ्या दवाखान्यात तो पट्टी बांधून घ्यायला यायचा. नदीतली वाळू चोरणाऱ्या टोळीतला माणूस. त्याचं नाव विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. आत येताना तो चपला दाराबाहेर काढायचा आणि कमरेचा चाकू त्या चपलांखाली नीट झाकून ठेवायचा.

पुढे पुढे त्याच्या जखमा लहान होत गेल्या. एकदा तर नुसतं बोट खरचटलं म्हणून आला. मी पुढे झालो तर म्हणाला, "तुमी ऱ्हाऊ द्या साहेब. शिस्टरचा हात हलका हाय." सिस्टर मान खाली घालून पट्टी बांधायची, तो श्वास रोखून बसायचा आणि घाम मला फुटायचा.

बसस्टँडवरचा एक रिक्षावाला रोज छेड काढतो, असं सिस्टर मला सांगत होती, तेव्हा हा बाहेर बाकावरच बसलेला होता. दुसऱ्या दिवशी तोच त्या रिक्षावाल्याला खांद्यावर घालून घेऊन आला. रिक्षावाल्याचा हात मोडला होता.

"लई लागलंय याला. नीट बघा," तो कळवळून म्हणाला.

"कुणी मारलं?" सिस्टरने विचारलं.

तो चक्क लाजला. "म्याच की."

"आधी माफी मागा त्याची!" सिस्टर कडाडली. त्याने खरंच पाय धरले. रिक्षावाला भीतीने आणखीच थरथरायला लागला.

प्लास्टर झालं, दोघंही गेले. मी दार लावून घेतलं आणि म्हणालो, "सिस्टर, पोलिसांत कळवू या."

"कळवा की," ती हात धूत म्हणाली. नळ बंद केला, हात पुसले.

"सर, त्यांच्या घरी कोण कोण असतंय हो?"