शालिनीताई आणि सावकाश चालणारे चित्रपट

शालिनीताई कोयंडे यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, उंची पाहिली. मालवणातल्या एका वाचनालयाच्या माडीवर त्या चित्रपटासाठी अंधार करायला खिडक्यांना चादरी बांधत होत्या. "उंच आसास. ही वर बांध बगू," एवढंच म्हणाल्या. मी कुडाळच्या महाविद्यालयातला ग्रंथपाल, पुस्तकांच्या कामासाठी तिथे गेलो होतो. चादर बांधली आणि चित्रपटाला बसलो.

त्या चित्रपटात खाडीच्या पलीकडून एक होडी येत होती. ठिपक्याएवढी. कॅमेरा हलत नव्हता, संगीत नव्हतं. बराच वेळ गेल्यावर मागून आवाज आला, "बाय, अडाकला गो ता!" लॅपटॉपपाशी बसलेल्या बंड्या मेस्त्रीलाही तसंच वाटलं. त्याने बटण दाबलं आणि होडी एकदम काठाला लागलेली दिसली. ताई उठल्या.

"मागे घे."

"पण बाय, काय होईच नाय होता."

"होडयेक पलतडीसून येवक येळ लागता तेवढो लागतलो. धक्क्यार वाट बगतस, तेवा खंयचा बटन दाबतस रे?"

सगळे हसले, बंड्याही हसला. चित्रपट मागे घेतला गेला. दुसऱ्यांदा होडी येताना माडीवर कोणी बोललं नाही. मला तो चित्रपट त्या दिवशी आवडला असं मी म्हणणार नाही. पण घरी जाताना खाडीकडे मी नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहत राहिलो, एवढं मात्र खरं.

ताईंनी नोकरी केली मुंबईच्या एका फिल्म लॅबोरेटरीत, प्रिंट तपासण्याच्या कामावर. ओरखडा, डाग, रंगातला फरक शोधायचा. चित्रपट बरा की वाईट हा प्रश्न त्यांचा नसे. सुट्टीच्या दिवशी त्या एका फिल्म सोसायटीत जात. तिथे त्यांनी असे चित्रपट पाहिले ज्यांत गोष्ट अर्ध्यात सुटते, माणसं बोलत नाहीत, किंवा चित्र चालू असताना आवाज भलत्याच ठिकाणचा येतो. असे चित्रपट आपल्या गावच्या माणसांनीही पाहावेत, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. निवृत्तीनंतर मालवणला परतल्या आणि चित्रपट मंडळ सुरू केलं.

मंडळात त्यांची एक रीत आहे. चित्रपट संपल्यावर 'आवडला' किंवा 'नाही आवडला' असं लगेच म्हणायचं नाही. आधी चहा, मग प्रत्येकाने काय दिसलं आणि काय ऐकू आलं ते सांगायचं. मत त्यानंतर. कळलं नाही असं म्हणणाऱ्याला त्यांनी कधी कमी लेखलं नाही. एक निवृत्त गृहस्थ दर वेळी झोपत. कोणीतरी त्यांची टर उडवली तेव्हा ताई म्हणाल्या, "झोपाक येतत, पण येतत मां? तुझो भाऊ तर जागो आसान येणा नाय."

माझे वडील गेले तेव्हा मी काही महिने मंडळात गेलो नाही. एका दुपारी ताई एस.टी.ने कुडाळला आल्या. सांत्वनाचं काही बोलल्या नाहीत. पेनड्राइव्हवर आणलेला एक चित्रपट आमच्या टीव्हीवर लावला आणि आईशेजारी बसल्या. आई सारखी विचारत होती, "ह्यो कोण? आता खंय गेलो?" ताई दर वेळी म्हणत, "माका पण नाय म्हायती गो." वडील गेल्यापासून आई इतकी बोलली नव्हती.

गेल्या वर्षी मात्र कसोटीचा प्रसंग आला. माडी मंडळाकडे राहावी असं वाटत असेल तर एकाआड एक खेळ लोकांच्या पसंतीचा लावा, असं वाचनालयाच्या समितीने कळवलं. अध्यक्ष तात्या स्वतः ताईंच्या पडवीत आले. मीही तिथे होतो.

"शालिनीबाय, लोकांक हसूक होया गो."

"मगे लाव रे हसूचो. मी पयल्या रांगेत बसान बगतंय. पण तो तुमी लावा. माझ्या मंडळात नाय."

"मगे माडी तुका मेळची नाय."

"नाय तर नाय."

तात्या गेल्यावर मी ताईंना म्हटलं, थोडं सोडावं, माडी हातची जाईल. त्या म्हणाल्या, "उभा आयुष्य दुसऱ्यांनी पसंत केलेला तपासलंय. ह्या एकच माझ्या पसंतीचा."

माडी गेली. आता खेळ त्यांच्या पुढच्या खोलीत होतात. घर स्टँडपासून लांब आहे. धामापूर, वालावलहून येणारी मुलं शेवटची गाडी चुकते म्हणून येईनाशी झाली. त्यांच्यापैकी कोणाची आठवण निघाली की ताई शेवटच्या गाडीची वेळ पुन्हा विचारतात. ताईंचा निर्णय बरोबर होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गौरवलेखात हे लिहावं का, यावरही बराच विचार केला. पण न पटलेलं गिळून केलेली स्तुती त्यांना आवडणार नाही, म्हणून लिहितो.

ताईंच्या पंचाहत्तरीचा सत्कार व्हावा हे तात्यांनीच सुचवलं, आणि तोही वाचनालयाच्या माडीवर. ताईंनी एकच अट घातली: भाषणांच्या आधी त्यांच्या पसंतीचा चित्रपट लावायचा, पूर्ण.

"लोक उठान गेले तर?" तात्यांनी विचारलं.

"जांवदेत. तू बस."

तात्या म्हणाले, "बसतंय. पण माका काय दिसला ता विचारू नको."

"विचारतलंय," ताई म्हणाल्या.

हा गौरव अंक वाचकांच्या हाती पडेल त्या संध्याकाळी तो चित्रपट माडीवर चालू असेल. शालिनीताईंचे डोळे असेच निर्मळ राहोत, दुखरे गुडघे त्यांना माडीचा जिना चढू देवोत, आणि त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आम्ही त्यांच्याशी वाद घालत राहू, आणि खुर्च्या मांडायला वेळेवर येऊ.