गाद्यांच्या खोलीतले पाहुणे

पॉडकास्टचा एक भाग पाऊण तासाचा होतो, आणि त्यासाठी कापून फेकावं लागतं तासभराचं! पाऊण तास लोक ऐकतात, कापलेला तासभर आमच्याकडे साठत जातो. काही वर्षांत तो इतका साठला, की परवा अमरावतीच्या एका कॉलेजनं 'पॉडकास्टचा यशस्वी पाहुणा कसं व्हावं' या विषयावर बोलायला बोलावलं तेव्हा मी तयारीच केली नाही. जाऊन बसले आणि कापलेलं सांगत सुटले. पोरं खूश झाली. प्राचार्य मात्र शेवटी हळूच म्हणाले, "मॅडम, मुद्दे राहिले."

म्हटलं, मुद्दे आम्ही पण कापूनच टाकतो सर!

तर तेच तुम्हाला सांगते. आधी खोली सांगायला हवी. अकोल्यात जठारपेठेत नासिरभाईंचं बिछायत केंद्र आहे. लग्नाकार्याला गाद्या, सतरंज्या, स्वयंपाकाची मोठी भांडी भाड्यानं द्यायचा धंदा, वडिलांपासूनचा. दुकानामागच्या गोडाउनात आमच्या पॉडकास्टचं रेकॉर्डिंग चालतं; दुष्काळातून तगलेल्या आमच्या भागातल्या माणसांना बोलतं करायचं, एवढाच त्याचा विषय. चारी भिंतींना लग्नातल्या गाद्या टांगलेल्या, खाली सतरंज्या, मध्ये टेबल आणि टेबलावर माइक. प्रश्न मी विचारते. कॉलेजात मराठी शिकवून रिटायर झालेय, त्यामुळे समोरच्याला प्रश्न विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. पाहुणे गाठून आणतात तायडे सर. तेही रिटायर मास्तर, त्यांची स्कूटर मात्र अजून नोकरीत आहे. आणि हेडफोन लावून बसतात स्वतः नासिरभाई. रेकॉर्डिंग सुरू असताना हेडफोनवाल्यानं तोंड उघडायचं नाही, हा नियम त्यांनीच केलेला आणि एक वेळ सोडली तर त्यांनी तो कधी मोडलेला नाही. एरवी हा माणूस झोपेतही गप्प बसत नसेल.

पुण्याचे एक श्रोते आम्हाला प्रत्येक भागानंतर लिहितात. आवाजाच्या क्षेत्रातले जाणकार असावेत. एकदा त्यांनी लिहिलं, "आवाज अप्रतिम! ॲकॉस्टिक पॅनल कोणत्या कंपनीचे लावले आहेत?"

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. नासिरभाई म्हणाले, "लिहा मॅडम, कापूस. वऱ्हाडचा!"

आम्ही हसलो. मग तेच म्हणाले, "साउंड चांगला येऊन राहिला म्हंजे गाद्या घरी हायेत. अन् गाद्या घरी हायेत म्हंजे लगन कोनाकडंच नाई."

खरंच होतं ते. एका साली पावसानं दडी मारली, दुसऱ्या साली बोंडअळीनं कपाशी खाल्ली. माणसं लग्नं करत होती, पण देवळात माळा घालून मोकळी होत होती. गाद्या कुणालाच लागेनात. परतवाड्याचा एक व्यापारी नासिरभाईंच्या मागेच लागला होता, की सगळा माल मला देऊन टाका. नासिरभाई म्हणायचे, "हा सीझन पाहू." सीझन जायचा, गाद्या भिंतीवरच. आमच्या पॉडकास्टचा आवाज दिवसेंदिवस सुधारत होता, आणि मला तो ऐकवत नव्हता.

*

आमचे पहिले पाहुणे मूर्तिजापूरकडचे एक माजी सरपंच. पाणलोटाचं त्यांनी गावात चांगलं काम केलेलं. मी पहिला प्रश्न विचारला. ते गप्प. दुसरा विचारला, तरी गप्प. इकडेतिकडे बघत होते.

शेवटी म्हणाले, "कार्यक्रम कवा सुरू होते?"

"सुरू झाला ना भाऊ!"

"असा कसा सुरू झाला? सत्कार कुठी झाला?"

आमच्या भागात शाल-श्रीफळाशिवाय माणूस पाहुणा होत नाही, हे मी विसरलेच होते. नासिरभाईंनी नियम पाळून, तोंडानं एक शब्द न काढता, खुणेनंच तायडे सरांना नारळ आणायला पिटाळलं आणि स्वतः दुकानातली एक शाल काढली. मी सत्कार केला. सरपंच तरीही उभेच.

"आता काय भाऊ?"

"टाळ्या!"

खोलीत आम्ही तिघं. तिघांनी टाळ्या वाजवल्या. मग मात्र साहेब असे बोलले, की थांबवता थांबेनात.

ती शाल मग पुढे पुष्कळ चालली. प्रत्येक पाहुण्याला तीच घालायचो. बाहेर पडताना ती परत घ्यायची कामगिरी तायडे सरांकडे होती. ते पाहुण्याचा हात प्रेमानं हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "गरमी लय हाय ना हो!" पाहुणा स्वतःच काढून द्यायचा.

*

परतवाड्याच्या वरच्या अंगाला एक काका बकऱ्या पाळतात. दुष्काळात बकरीनं घर कसं तगवलं, ते त्यांच्याकडून ऐकायचं होतं. काकांना सगळं ठाऊक, पण उत्तर मानेनं!

"चारा मिळत नव्हता का?" काकांनी मान हलवली.

"मग बकऱ्या विकल्या?" काकांनी मान उलटी हलवली.

"काका, बोला ना. ऐकणाऱ्यांना तुम्ही दिसत नाही."

"तुमाले तं दिसून राहिलो ना?"

"मला दिसता हो. पण लोक आपापल्या घरी बसून ऐकतात."

काकांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मंग त्याइले काहून नाई बलावलं?"

तो भाग आम्ही लोकांना ऐकवलाच नाही. ऐकवणार तरी काय, माना?

*

कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब आले होते. बोंडअळीवर त्यांचा चांगला अभ्यास. सत्कार झाला, खुर्चीत बसले, आणि मी प्रश्न विचारताच ताडकन उभे राहिले. माइक टेबलावर, साहेबांचं तोंड वर पंख्याजवळ. रेकॉर्ड होत होतं ते त्यांचं पोट.

"साहेब, बसून बोला ना."

"बसून मले सुचत नाई मॅडम. सगळी नोकरी उभ्यानं भाषणं देल्ली."

नासिरभाई उठले. वरण शिजवायचा मोठा गंज आणला, टेबलावर पालथा घातला, त्यावर दुसरा ठेवला, त्यावर माइक. साहेब प्रसन्न झाले. पुढे बोलण्याच्या भरात ते मुद्द्यागणिक गंजावर थाप मारत होते, आणि ऐकणाऱ्यांना वाटलं आम्ही मध्ये मध्ये संगीत टाकलंय. पुण्याच्या श्रोत्यांनी लिहिलं, "पार्श्वसंगीत थोडं कमी ठेवावं."

*

मोर्शीकडचं एक जोडपं आलं होतं, संत्र्याच्या बागेबद्दल बोलायला. भाऊ बोलत होते. वहिनी मागे भिंतीच्या गादीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी शालसुद्धा घेतली नव्हती, म्हणाल्या, "मी कुठी बोलनार हाओ?"

भाऊ सांगत होते, विहिरीचं पाणी गेलं, बोअर कोरडे निघाले. "मंग एक दिवस आमी बाग तोडला."

मागून आवाज आला, "आमी नाई. म्या तोडला. तुमी घरी नोयते."

भाऊ वळून बघायला लागले. "मी तं भाच्याच्या साखरपुड्याले गेलतो."

"साखरपुड्याले म्याच धाडलं तुमाले. तुमाच्यानं पाहवलं नसतं."

भाऊंना हे माहीतच नव्हतं. ते कितीतरी वेळ तसेच मागे वळून बसले होते. नासिरभाईंनी कधी नव्हे ती शांतता तशीच ठेवली, कापली नाही. मला तो भाग फार आवडतो.

*

आवाज तपासायला आम्ही पाहुण्याला विचारायचो, "आज काय जेवलात?" सगळे सांगायचे, वरण-भात-भाजी-पोळी. एकदा एक आजोबा आले, सकाळच्या पहिल्या एसटीनं.

"आजोबा, आज काय जेवलात?"

"नाई जेवलो."

आवाज अगदी स्वच्छ आला. नासिरभाईंनी हेडफोन काढून ठेवला. घरातून गरम पोळ्या, बेसन आणि कांदा आला. आजोबा सावकाश, व्यवस्थित जेवले. हात धुऊन माइकसमोर नीट बसले आणि म्हणाले, "हं. आता इचारा, काय जेवलो ते!"

*

आणि आता कमलताई.

त्या आल्या त्या हंगामात नासिरभाईंनी शेवटी व्यापाऱ्याला हो म्हटलं. सोमवारी परतवाड्याहून मेटॅडोर येणार होती. आम्हाला सांगताना ते कुलपाशी खेळत होते. म्हणाले, "अब्बांनी एक एक गादी भरून घेतली होती मॅडम. पन भिंतीले लटकवाले थोडीच घेतली होती?" तायडे सर म्हणाले, गाद्या गेल्या की खोली घुमणार, मग शनिवारी शेवटचा भाग करून घेऊ. पॉडकास्टचं मला वाईट वाटत होतंच, पण त्या माणसाचा चेहरा मला पाहवत नव्हता.

शनिवारी आल्या दर्यापूरकडच्या कमलताई. गावातला महिला बचत गट चालवतात. बोलणं मोजकं, थेट. बाहेर एक टेम्पो उभा होता आणि त्यात गटाच्या सात-आठ बाया.

तायडे सर म्हणाले, "ताई, त्याइले आत बसवू का?"

"नाई. त्या कामासाठी आल्या हायेत."

कसलं काम, ते काही बोलल्या नाहीत. रेकॉर्डिंग सुरू झालं. मी शाल घेऊन पुढे झाले. ताईंनी शाल बाजूला सारली. भिंतीकडे बघत होत्या.

"शाल राहू द्या मॅडम. ह्या गाद्या भाड्यानं देता काय?"

मला वाटलं, बाई विषय सोडून भलतीकडेच चालल्या. मी आपली हसून गटाच्या कामाचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "तेच तं सांगून राहिली. मागच्या तीन-चार सालात गावात पाच-सहा पोरीचे लगनं झाले. कोनाचं विहारात, कोनाचं देवळात, रुखसानाचा निकाह तं घरातल्या घरातच. लगनं झाले सगळे. जेवन राह्यलं."

"कुणाचं जेवण?"

"गावाचं! पोरगी गेली अन् गावाच्या तोंडात घास नाई पडला. पोरीले वाटते, आपलं लगन झालं का नाई झालं? या साली तूर बरी झाली. गटानं ठरवलं, सगळ्या पोरी माहेरी बलवाच्या, जावाई बलवाचे अन् एकच पंगत द्याची. उद्या हाय."

"एवढ्या वर्षांनी?"

"मंग काय झालं? एकीचं पोरगं तं आता अंगनवाडीत जाते. तोही उद्या जेवते मायच्या लगनात!"

मी मोठ्यानं हसले, ते रेकॉर्डिंगमध्ये आहे. त्या मात्र हसल्या नाहीत.

"दर्यापुरात बिछायतवाल्यानं माल इकून टाकला. गावातले गंज पुरत नाईत. तुमचा फोन आला तवा सरांनी सांगतलं, बिछायतीच्या गोडाउनात या. म्हटलं, एका फेरीत दोन कामं."

आणि मग त्या भागात एक आवाज ऐकू येतो, जो आधीच्या एकाही भागात नाही.

"ताई, मानसं किती?" नासिरभाई म्हणाले.

हेडफोन तसाच डोक्यावर होता. मी त्यांच्याकडे बघितलं, तायडे सरांनी बघितलं. नासिरभाईंचं लक्षच नव्हतं.

"सारं गाव," ताई म्हणाल्या. "अन् जावायाकडचे येगळे."

"मंग मोठे गंज बी लागतीन. सतरंज्या सगळ्याच घेऊन जा." मग त्यांनी रेकॉर्डिंग चालू असतानाच खिशातून फोन काढला आणि परतवाड्याला लावला. तेही सगळं रेकॉर्ड झालंय. "भाई, सोमवारको गाडी मत भेजो. माल बाहर गया है." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. नासिरभाई म्हणाले, "शादी में! और कहाँ?"

ताईंनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "याओ गं!" बाया आत आल्या आणि भिंतीवरच्या गाद्या उतरवायला लागल्या. अंधार पडायच्या आत गावी पोचायचं होतं त्यांना. मी म्हटलं, ताई, आपण नंतर करू रेकॉर्डिंग. ताई म्हणाल्या, "नंतर कायले? तुमी इचारा, त्या काढतीन." म्हणून मी विचारत राहिले, ताई सांगत राहिल्या आणि मागे एक एक गादी जात राहिली. शेवटी शेवटी खोली अशी घुमायला लागली, की माझाच आवाज मला चारी बाजूंनी ऐकू येत होता. तायडे सर तर भांडी मोजायचं सोडून गंज डोक्यावर घेऊन टेम्पोकडे धावत होते. शाल राहिली होती खुर्चीवर. नासिरभाईंनी ती उचलली आणि टेम्पोतल्या गाद्यांवर ठेवून दिली. परत आणायला सर गेले नाहीत.

तो भाग आम्ही काहीही न कापता सोडला. आजवर सगळ्यात जास्त ऐकला गेलेला भाग तोच.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या श्रोत्यांचा मेसेज आलाच. "भाग उत्तम. परंतु सुरुवातीला आवाज छान होता, नंतर हळूहळू फार घुमत गेला. खोलीला काय झालं?"

मी उत्तर लिहायला घेतलं. नासिरभाईंनी माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा वर केला आणि एका बोटानं टाइप केलं,

"खोली पंगतीले गेली."