घोड्यावरचा न्यायाधीश

सोमवारी माझे पती वसईच्या कोर्टातून घरी आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तेव्हा ते गेले होते.

ते वकील होते, मी शाळेत शिकवत असे. नव्वदच्या दशकात वाड्या विकल्या जात होत्या, त्यांच्याकडे जमिनींचे दावे वाढले होते. तरीही संध्याकाळी आम्ही एका अमेरिकन न्यायाधीशाचं चरित्र मराठीत आणायला बसत असू. दीडशे वर्षांपूर्वीचा हा माणूस आधी वकील होता, मग न्यायाधीश झाला. तिथे कोर्टाच्या इमारती नव्हत्या. तो घोड्यावरून गावोगाव जाऊन खानावळीत, नाहीतर झाडाखाली खटले चालवायचा. आमच्या चर्चच्या धर्मग्रामाच्या मासिकात दर महिन्याला एक प्रकरण छापून येई. ते इंग्रजी वाचून अर्थ सांगत, मी वाक्य लिहून वाचून दाखवत असे.

"टीचर, फार शुद्ध झालं हे," ते म्हणत. "त्याच्या बुटांना चिखल आहे. जरा लागू दे भाषेला."

शेजारच्या काकींना त्यांची सून मासिकातलं प्रकरण वाचून दाखवी. शेवटच्या छापील प्रकरणात न्यायाधीश पुरातून निघाला होता. नदीपलीकडे लोक एका निरपराध माणसाला फाशी देणार होते.

काकी कुंपणावरून म्हणाल्या, "वकीलसाहेब, एवढ्या पान्यात कशाला धाडला म्हाताऱ्याला?"

"मी कुठे धाडला? तुमचा जावई असल्यासारखं काय बोलता!"

"जावयाला मी घोडा दिला असता का? होडीनं पाठवला असता."

ते गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये त्यांच्यासाठी झालेल्या मिसानंतर काकी माझ्याजवळ येऊन बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "टीचर, तो पोचला का गं?"

"आई, काय हे!" सून म्हणाली.

"पोचला, काकी. तो माणूस वाचला."

तोवर मी कोणासमोर रडले नव्हते.

मासिक पाहणाऱ्या फादरनी पुढचं प्रकरण मागितलं. मी नदीचं पान उघडलं, एक वाक्य लिहिलं, मोठ्याने वाचलं. घरात कोणी काही बोललं नाही. मग पुढचं इंग्रजी एकटीनेच वाचत गेले. न्यायाधीशाची बायको जाते. त्यानंतरची त्याची वर्षं एका परिच्छेदात संपतात. हे भाग "नंतर करू" म्हणून त्यांनी मला कधी वाचून दाखवले नव्हते.

मासिकात आता दुसरी लेखमाला येते. पुस्तक माझ्याकडे आहे. नदीपासूनची शेवटची दोन प्रकरणं इंग्रजीतच आहेत.