निरोपाचं भरीत

जळगावच्या एमआयडीसीत पाइपांच्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ खातं सांभाळतो. आमच्याकडे माणसाची किंमत त्याने राजीनामा दिल्यावरच कळते. नोकरीत असेपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. सोडून निघाला की रविवारी मळ्यात भरीत पार्टी, आणि जेवणाआधी साहेबांचं भाषण. पंचविशीतली पोरं दीड वर्षात 'ग्रोथ नाही' म्हणत पुण्याला निघतात. ग्रोथ म्हणजे नक्की काय, हे मी राजीनाम्याचा फॉर्म भरून घेताना विचारतो; अजून कुणाला सांगता आलेलं नाही. तरी साहेब प्रत्येकाला 'कंपनीचा कणा' म्हणतात. इतके कणे गेले, कंपनी उभीच आहे.

या पार्ट्यांत वांगी भाजायचे आमचे स्टोअरकीपर. शिंदखेड्याकडचे, सगळे त्यांना नाना म्हणतात. बावीस वर्षं एकच खुर्ची, दुसरीकडे कधी अर्ज नाही. कपाशीच्या काड्यांच्या धुरात डोळे पुसत ते पोरांची कौतुकं ऐकायचे. गेल्या हिवाळ्यात, निवृत्तीला दोन वर्षं असताना, त्यांनीच माझ्या टेबलावर राजीनामा ठेवला. मी हसलो. तुम्हालाही पुण्यात ग्रोथ मिळाली का, असं विचारलं.

"भाऊ, बठ्ठासनं भाषण आयकं," ते म्हणाले, "एकदाव मनं बी आयकनं शे."

स्वतःबद्दल चार शब्द ऐकायला माणूस नोकरी सोडतोय, हे फॉर्मवरच्या कुठल्याच चौकोनात बसेना. मी 'वैयक्तिक कारण'वर खूण केली.

साहेबांची भाषणं मीच लिहून देतो. नाव बदलायचं, बाकी तेच. या वेळी मनापासून लिहायचं ठरवलं आणि शनिवारची अख्खी दुपार बसलो. सोळा वर्षं शेजारच्या खोलीत असलेल्या माणसाबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं.

रविवारी नाना इस्त्रीचा सदरा घालून आले आणि सवयीने चुलीपाशी बसले. स्वतःच्याच निरोपाला ते वांगी भाजत होते, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ते लाकडी बडगीत दांड्याने वांगी ठेचत असताना साहेबांनी कागद वाचला. नानांच्या हाताला चव आहे, असं भरीत दुसरं कुणी करत नाही, कंपनी त्यांना विसरणार नाही. स्टोअरचा उल्लेखच नव्हता, कारण मला तो सुचलाच नव्हता. टाळ्या पडल्या. मला मान वर करायची लाज वाटली.

नाना हातातला दांडा तसाच धरून साहेबांकडे पाहत राहिले. साहेब पानावर बसले, तेव्हा नानांनी मला हळूच विचारलं, "भाषण सरनं का?"

मी हो म्हणालो.