अळ्यांचं जेवण

डबीचं झाकण उघडलं, की घाटेअळी डोकं वर करते. ती मला ओळखते, असं उगाच वाटतं. आज दिवाळीचा पाडवा, पण प्रयोगशाळेतल्या या अळ्यांना उपाशी ठेवून कसं चालेल? एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी डबी आणि हरभऱ्याच्या पिठाचं शिजवलेलं खाणं. उद्या त्यांच्यावर नवं कीटकनाशक टाकून बघायचं. ज्या वाचतील त्यांचीच पिल्लावळ पुन्हा वाढवायची, कारण शेतात खरा छळ त्याच मांडतात. किती औषधं म्हातारी झाली, त्यांच्यासोबत मीही; अळी मात्र दर पिढीला ताजीतवानी.

बायकोचा फोन आला. "अहो, सणाच्या दिवशी तरी वेळेवर जेवाल का?"

"यांना वाढून झालं, की निघतोच," मी म्हणालो.