आतून किल्लीला जागा

एका दुपारी प्रौढांच्या वर्गावरून मी घरी परतले, माझे कुलूप माझ्याच किल्लीने उघडले आणि आत माझ्या खुर्चीवर एक वृद्ध गृहस्थ बसलेले पाहिले. चावीवाल्याची आणि माझी ओळख झाली ती अशी. खिडक्या बंद होत्या, दाराला ओरखडासुद्धा नव्हता, आणि ते गृहस्थ मला पाहून जराही गडबडले नाहीत. उलट त्यांनीच मला विचारले, "कोण पाहिजे आपल्याला?"

"मला कोणी नको. हे माझं घर आहे."

"असं होय? मग बसा की."

इतक्यात जिन्यावरून धावत येणाऱ्या पावलांचा आवाज झाला आणि वरच्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला तरुण धापा टाकत दारात उभा राहिला. त्याच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय अनवाणी होता.

"सापडले! मावशी, माफ करा. आजोबा, उठा. हे आपलं घर नाही."

"कुलूप तर उघडलं," आजोबा म्हणाले.

"तुम्हाला सगळ्यांचीच उघडतात!"

जाण्यापूर्वी त्याने वाकून माझे कुलूप पाहिले, किल्ली दोन्ही बाजूंनी फिरवली आणि म्हणाला, "काही बिघडलेलं नाही. आत शिरल्यावर परत लावूनही घेतलं त्यांनी. ते मोडतोड करत नाहीत कधी." बोलताना त्याच्या स्वरात किंचित अभिमान उमटला. तो त्याचा त्यालाच आवडला नसावा, कारण लगेच त्याने आजोबांचा दंड धरून त्यांना जरा जोरानेच उठवले.

तो माझ्या मुलाच्या वयाचा असल्याने मी त्याच्याविषयी एकेरीत लिहीत आहे. त्यात अनादर नाही.

बाजाराच्या कोपऱ्यावर एका जिन्याखाली त्याचे किल्ल्या-कुलपांचे दुकान होते. दुकान म्हणजे काय, एक फळी, एक स्टूल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि कानशींचा डबा. ते आजोबांनी थाटले होते. आईवडील लवकर गेल्यामुळे नातू त्याच फळीखाली खेळत मोठा झाला आणि आजोबांच्या हाताखालीच काम शिकला. आजोबांनी त्याला कामाचा एक नियम घालून दिला होता, आणि तो नियम मला त्याच्याच तोंडून पुष्कळदा ऐकायला मिळाला. आत माणूस असेल तर दाराला आतून किल्लीची जागा हवी. बाहेरून नुसती कडी घालायची नाही. कोणी म्हाताऱ्या आईच्या किंवा द्वाड मुलाच्या खोलीला बाहेरून कडी बसवून मागितली, तर आजोबा हातातले काम खाली ठेवून म्हणत, "ते काम सुताराकडे न्या. आम्ही दारं उघडणारे आहोत."

पुढे रस्ता रुंद करण्यासाठी त्यांचे जुने घर पाडण्यात आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत आजोबांची स्मृती ढासळू लागली. ते जुने घर शोधायला निघत. मधे जे दार लागेल ते उघडून पाहत. दवाखान्यातील डॉक्टरांनी बजावले होते की हृदय अशक्त झाले आहे, पायांवर सूज आहे, त्यांना एकटे रस्त्यावर सोडू नका. डॉक्टरांना सांगायला काय जाते, असे नातू म्हणे. घरात तिसरे माणूस नव्हते. दुकानात गेले तर आजोबा बाहेर पडणार, आणि दुकानात न गेले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार. या दोन्हींच्या मधे त्याचा जीव रोज मेटाकुटीला येत असे.

त्याने घराच्या दाराला दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारे कुलूप बसवले आणि किल्ली बरोबर नेऊ लागला. आतून किल्लीची जागा असल्यामुळे नियम मोडलेला नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. आजोबांनी ते कुलूप कपड्यांच्या चिमट्यातली तार काढून उघडले. त्याने चिमटे लपवले, तर त्यांनी चष्म्याची काडी वापरली. मग त्याने त्याहून अवघड कुलूप आणले. त्या दिवशी आजोबांना उघडायला बराच वेळ लागला आणि संध्याकाळी त्यांनी पोटभर जेवण केले.

"त्यांची करमणूक होतेय मावशी," तो कपाळाला हात लावून म्हणाला. "मी दुकानात कुलपं दुरुस्त करतो आणि घरी त्यांच्यासाठी खेळणी आणतो."

दुसऱ्या शहरात राहणारी त्याची मोठी बहीण फोनवरून सल्ले देत असे. तो जिन्यात उभा राहून फोनच्या स्पीकरवर बोले, त्यामुळे ते संभाषण मला न ऐकता ऐकू येई.

"अरे, तू चावीवाला ना? आणि घरचं एक दार तुला बंद करता येत नाही?"

"ताई, मला चावीवाला कुणी केलं, ते आठव."

"चांगलं कुलूप लाव ना मग!"

"चांगलं लावलं तर मलाच उघडत नाही. त्यांना उघडतं."

"काहीतरी बोलू नकोस. माझा सगळा जीव तिकडे लागलेला असतो."

"जीव इकडे आणि पाय तिकडेच. एक आठवडा ये तू. फक्त एक."

"येते की. मुलांच्या परीक्षा झाल्या की येते."

फोन बंद झाल्यावर तो बराच वेळ जिन्याच्या कठड्यावर बोटे आपटत उभा राही. मुलांच्या परीक्षा संपतच नव्हत्या.

मग त्याने आजोबांना दुकानात बरोबर नेण्यास आरंभ केला. हा उपाय मला योग्य वाटला होता. आजोबा स्टुलावर शांत बसत, कोणाला त्रास देत नसत. परंतु एके दिवशी शेजारच्या औषधांच्या दुकानदाराने आपल्या शटरचे कुलूप साफ करायला दिले. नातवाने ते साफ केले, तेल घातले, किल्ली फिरवून पाहिली आणि फळीवर ठेवून चहा आणायला गेला. तेवढ्या वेळात आजोबांनी ते खोलले आणि पुन्हा जोडले. नातवाने परत येऊन ते पुन्हा तपासले नाही. चूक झाली ती इथे. ते दाबले की आपोआप बंद होणारे कुलूप होते. औषधवाल्याने संध्याकाळी शटरला अडकवले, दाबले आणि तो घरी गेला.

सकाळी त्याची किल्ली फिरेना. मी त्या वेळी माझी रक्तदाबाची गोळी घ्यायला तिथे उभी होते, म्हणून पुढचे मी डोळ्यांनी पाहिले. चावीवाल्याने तारा घालून पाहिल्या, घाम पुसला, पुन्हा पाहिले. मागे औषधे घ्यायला आलेल्यांची रांग वाढत होती. अचानक तो थांबला. कुलपाच्या आत लहान लहान खिट्या असतात आणि त्या जशा बसवाव्यात तशी किल्ली त्याला लागते, हे त्याने मला नंतर समजावले. आजोबांच्या बोटांना आता एकच किल्ली पाठ राहिली होती. त्याने आपला जुडगा काढला आणि त्यातली पाडलेल्या घराची किल्ली सर्वांसमोर त्या कुलपात घातली. कुलूप अलगद उघडले.

रांगेत कोणीतरी हसले. औषधवाला हसला नाही.

"म्हणजे माझ्या दुकानाची किल्ली तुझ्या खिशात?"

"साहेब, ती आमच्या जुन्या घराची—"

"मग माझ्या दुकानाला कशी लागली?"

"आजोबांनी आतलं बदललं. त्यांना समजत नाही हो आता."

"त्यांना समजत नाही, तुला समजत नाही, आणि आम्ही कुलपं तुमच्या हातात द्यायची?"

हा प्रश्न बाजारात सगळीकडे पोहोचला. संध्याकाळपर्यंत ज्यांची ज्यांची कुलपे दुकानात होती त्यांनी ती उचलून नेली. चावीवाल्याचा सारा धंदा लोकांच्या विश्वासावर उभा असतो, आणि तो विश्वास एका कप चहाच्या अवधीत गेला. त्या दिवशी वरच्या मजल्यावर त्याचा आवाज प्रथमच चढलेला ऐकला.

"सगळ्या बाजाराला आपल्या घराची किल्ली लावून ठेवाल तुम्ही!"

"लागते ना?" आजोबांनी विचारले.

"लागते!"

"मग ओरडतोस कशाला?"

मी वर जाऊन म्हणाले की दुपारी मी मोकळी असते, काही लागले तर सांग. "नको मावशी, घरचं आहे. बघतो मी," तो म्हणाला आणि दार लावून घेतले. मला त्याचा राग आला. हात टेकायची वेळ आलेली असताना माणसाने इतके ताठ का राहावे, हे मला कळत नव्हते.

आजोबा पुन्हा घरी राहू लागले. चार पायऱ्या चढल्या तरी त्यांना धाप लागे. बोटे मात्र पूर्वीसारखीच चालत. एका सकाळी ते रस्त्याच्या मधोमध खाली बसलेले आढळले. दम लागला म्हणून बसले होते. एक टेम्पो त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला होता आणि चालक खाली उतरून नातवाला धारेवर धरत होता. "म्हातारं माणूस सांभाळता येत नाही का तुम्हाला?" नातवाने आजोबांना वर नेले आणि परत खाली उतरून बाजाराकडे गेला.

तो परतला तेव्हा त्याच्या हातात लोखंडी कडी होती. मी जिन्यात भाजीची पिशवी घेऊन उभी होते. तो दाराच्या बाहेरच्या बाजूला स्क्रू पिळू लागला.

"मावशी, काही बोलू नका."

"मी कुठे काय बोलले?"

"तेच. बोलूच नका."

कडी बसली. त्याने ती सरकवली. दुकानात जायला निघाला, परंतु पहिल्याच पायरीवर थांबला. आतून पाय घासत येण्याचा आवाज आला. मग कुलपात तार फिरू लागली. कुलूप उघडल्याचा खटका आम्हां दोघांना ऐकू आला. दार हलले, पण उघडले नाही. पुन्हा तार फिरली, पुन्हा खटका झाला, पुन्हा दार हलले. असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. शेवटी तार थांबली आणि दारावर हळूच टकटक झाली.

"बाहेर कोणी आहे का?"

नातू पायरीवरून मागे वळला.

"साहेब, एक काम करता का? बाजारात जिन्याखाली माझा नातू बसतो. त्याला पाठवा. दार अडकलंय म्हणावं. चांगला कारागीर आहे, मोडणार नाही काही."

नातवाने कठड्यावर मूठ आपटली. "आलो, आलो!" तो जवळजवळ ओरडलाच, आणि त्याने कडी काढली.

आजोबा बाहेर आले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी दाराच्या बाहेरच्या अंगाला हात फिरवला, कडी चाचपली आणि त्यांचा चेहरा कठोर झाला.

"हे कुठल्या गाढवानं लावलं?"

"मी."

"काढ."

त्याने तिथेच उभ्या उभ्या स्क्रू उलटे फिरवले. आजोबा शेवटचा स्क्रू निघेपर्यंत भिंतीला धरून पाहत राहिले आणि मग धाप लागली म्हणून आत जाऊन आडवे झाले. नातू कडी हातात घेऊन पायरीवर बसला.

"काढली. आता? आता काय करू, सांगा ना. दुकानात जाऊ की दारात बसू? ताई म्हणणार, गिऱ्हाईक म्हणणार, तो टेम्पोवाला म्हणणार. सगळे म्हणतात, सांभाळ. कसं, ते एक जण सांगत नाही."

मी पिशवी खाली ठेवून त्याच्या शेजारी बसले. त्याने मान वर न करता मला एक विनंती केली. ती जशीच्या तशी लिहून मी थांबते.

"मावशी, उद्या दुपारी तासभर त्यांच्याजवळ बसाल का? दुकानात नाही जायचं मला. झोपायचंय."