आधी पडून बघतो

“आधी पडून बघतो,” असं म्हणून गिऱ्हाइकानं दुकानाच्या मधोमध स्वतःला धाडकन खाली टाकलं, तेव्हा मी गल्ल्यावरून उडालोच. पाठीला माझी कोरी सॅक, हातातली कुबडी एकीकडे आणि माणूस पालथा फरशीवर.

तुम्ही-आम्ही बॅग घेतो तेव्हा काय बघतो? चेन ओढतो, शिलाई चाचपतो, आरशात बघून वळतो, फार तर पाऊस लागेल का विचारतो. बिंदू चौकाजवळ माझं बॅगांचं दुकान, उभं आयुष्य तिथं गेलं. हनिमूनला जाणारे, पन्हाळा-विशाळगड तुडवणारे, पोरगं हॉस्टेलला धाडणारे, सगळे नमुने बघितले. पण बॅग पाठीला लावून मुद्दाम पडणारा माणूस मी आधी बघितला नव्हता आणि नंतरही एकदाच बघितला. तो नंतरचा प्रसंग शेवटी सांगतो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी धावत गेलो आणि हात पुढे केला, तर खालून डरकाळी आली, “हात मागं! पावणं, हात मागं घ्या! माझं मला उठू द्या.”

तोवर दुकानात गोंधळ माजला होता. लग्नाच्या सुटकेसी बघायला आलेल्या एक बाई किंचाळल्या. त्यांच्याबरोबरच्या मामांना वाटलं फिट आली. ते पायातली चप्पल काढून हुंगवायला धावले. खालचा माणूस शांतपणे म्हणाला, “चप्पल घाला मामा पायात. मला काय झालेलं न्हाय. ही सॅक डोक्यावर चढून बसती, एवढंच झालंय. मालक, दुसरी काढा.”

हे टायपिंगचे सर. आमच्या दुकानाच्या मागच्याच गल्लीत त्यांचा क्लास होता. दिवसभर तिथून गारा पडल्यासारखा आवाज यायचा. मूळचे मुरगूडचे. लहानपणी पोलिओनं उजवा पाय गेला होता. कुबडी मिळेपर्यंत सगळ्या गावानं त्यांना खांद्यावर वागवलं होतं. शाळेत वडिलांच्या खांद्यावर, जत्रेत चुलत्याच्या. “माझं तंगडं सोडून गावात सगळ्यांची तंगडी मी वापरलीत,” असं हसत सांगायचे. कुबडी आली त्या दिवशी ते पहिल्यांदा एकटे कुठं गेले असतील, तर वेदगंगेवर, गळ टाकायला. तेव्हापासून नदीला एकट्यानंच जायचं, हे ठरून गेलेलं.

आता सॅकची भानगड काय होती, ते सांगतो. गळ, शिसं, रीळ, घडीची काठी, चाऱ्याचा डबा हे सगळं सर खांद्याच्या पिशवीत घालून पंचगंगेवर जायचे. राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांची जागा होती, काळ्या दगडांची उतरण. एका हातात कुबडी, दुसरा हात दगड धरायला. एकदा पिशवी अशी झोका खाऊन पुढं आली की सर तिच्यामागोमाग थेट खाली. कपाळाला टाके पडले. वहिनींनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, घरात निकाल दिला : “एक तर कुणाला तरी संगट न्या, न्हायतर नदी बंद.”

संगट माणूस नेऊन बघितला होता सरांनी. भाचा रेडिओ लावायचा. मेव्हणा दर पाच मिनिटांनी “लागला का? लागला का?” करायचा. “त्यापरीस मंडईतनं मासा आणलेला बरा,” सर म्हणाले. पण मला विचाराल तर रेडिओचा त्रास वगैरे वरवरचं. कुणीतरी आपल्याला सांभाळायला म्हणून शेजारी बसलंय, हेच त्यांना सोसत नव्हतं. म्हणून त्यांनी वहिनींकडून एक संधी मागून घेतली होती. पाठीवर घट्ट बसणारी, पडलं तरी उठू देणारी सॅक मिळाली तर एकटं जायचं. नाही मिळाली तर गळ खुंटीला.

त्या दिवशी मग पोतं अंथरलं आणि सर पडत राहिले. सॅकमध्ये त्यांचंच सामान भरलेलं. चाऱ्याचा डबा उघडला आणि पेंड, मैदा आणि हिंगाचा असा भपकारा सुटला की सुटकेसवाल्या बाईंनी नाकाला पदर लावून दुकान सोडलं. “आमटीला फोडणी घातलीय व्हय हो कुणी?” असं चहावाला विचारून गेला. मी मनातनं वैतागलो होतो, खोटं कशाला सांगू? ही एका अंगाला ओढती, ही उठताना मान दाबती, ही नगं, ती नगं. पण कपाळावर टाक्यांचा ताजा व्रण असलेला तो माणूस दर वेळी कुबडी ओढून घेऊन, दात खाऊन, एकटा उभा राहायचा आणि कपडे झटकून “पुढली” म्हणायचा. हळूहळू माझा वैताग कुठल्या कुठं गेला. दुकानातली माणसं खरेदी सोडून बघत उभी राहिली. चप्पलवाले मामा तर शेवटपर्यंत थांबले.

शेवटी माळ्यावरून ट्रेकवाल्यांची निळी सॅक काढली, कमरपट्ट्याची. सर पडले. सॅक जागची हलली नाही. उठले तरी हलली नाही. मी टाळीच वाजवली. सर मात्र पट्ट्याच्या बक्कलकडे बघत उभे.

“आणि पाण्यात पडलो तर?”

माझ्या डोक्यात प्रकाशच पडला नव्हता. घट्ट बसलेली, सामानानं जड झालेली सॅक नदीत माणसाला तळाला घेऊन जाणार. जी सुटत नाही म्हणून पसंत करायची, ती एका क्षणात सुटायलाही हवी. तेही डाव्या हातानं, कारण उजवा कुबडीवर.

मी स्वतः मशीनवर बसलो. पोटावरचं बक्कल डाव्या बरगडीखाली आणलं, अंगठ्यानं दाबलं की मोकळं होईल असं. खांद्याचा डावा पट्टाही तसाच केला. काठीसाठी बाजूला दोन फासे शिवले. सर क्लासमध्ये पोरांपुढं सॅक घालून उभे राहायचे आणि डोळे मिटून बक्कल सोडायचे. पोरांना सांगायचे, “बोटांकडं बघू नका रे. बोटांना म्हाईत असतंय.”

पण वहिनींना हे पुरेसं नव्हतं. त्या म्हणाल्या, “मला पाण्यात दाखवा.”

म्हणून होळीच्या आसपास, पाणी संथ असताना, एका रविवारी सकाळी आम्ही तिघं बंधाऱ्यावर गेलो. सॅकमध्ये दगड भरले. मी म्हटलं, “सर, ऱ्हाऊ दे. एवढ्या मोठ्या परीक्षा न्हाईत घ्यायच्या.” सर हसले. “मालक, पाण्यात मला कुबडी लागत न्हाय. तिथं मी सगळ्यांसारखाच हाय की. भ्या तुमचं तुम्हाला वाटू दे.”

आणि गेले. खडकावरून तोल सोडला आणि पालथेच पाण्यात. वर फक्त बुडबुडे.

पलीकडच्या काठाला कुणीतरी म्हशी धूत होतं, तोही थांबला. मी चपला काढल्या. मला पोहता येत नाही, हे चपला काढल्यावर आठवलं. तरी पुढं झालो, तर वहिनींनी माझ्या शर्टाची बाही धरली.

“थांबा भाऊजी. हात मागं.”

आधी अंगठा वर आला. मग डोकं. मग सर, मोकळ्या पाठीनं, चार हात मारून खडकाला लागले. “सुटलं!” एवढंच ओरडले. आम्ही काही बोलायच्या आत पुन्हा बुडी मारली आणि पट्टा धरून सॅक काठाला ओढत आणली. मी रडत होतो. का, ते विचारू नका. वहिनी रडल्या नाहीत. सरांच्या अंगावर टॉवेल टाकून म्हणाल्या, “जावा आता कुठं जायाचं तिथं. पण वल्ल्या अंगानं घरात याचं न्हाय.”

त्यानंतर कितीतरी वर्षं सर एकटे नदीवर गेले. जादा चाकं लावलेली स्कूटर, पाठीला निळी सॅक. कधी आमच्या घरी मरळ पोचायची, कधी नुसतीच थाप. “एवढा मोठा लागलाता मालक, पर सोडला बिचाऱ्याला.”

पौर्णिमेला मात्र त्यांचा गळ बंद. सकाळी पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला जायचे आणि तिथूनच नदीवर. गळ नाही, काठी नाही, सॅकमध्ये फक्त चाऱ्याचा डबा. एकदा मी हट्टानं मागं लागलो. म्हणाले, “या. पर वर थांबायचं.” वरून बघितलं. सर उतरले, दगडावर बसले आणि कुबडी दगडावर ठोकली. ठक, ठक. जरा वेळ काही नाही. मग पाणी हललं. एक पाठ दिसली, दुसरी दिसली आणि बघता बघता त्यांच्या पायाशी पाणी नुसतं काळंभोर होऊन उकळायला लागलं. सर गोळे टाकत होते आणि कुणाशी तरी बोलल्यासारखे पुटपुटत होते. रोजचा त्यांचा गळ त्याच पाण्यात पडायचा. तरी कुबडीचा आवाज ऐकून मासे येत होते. मी हात जोडले. देवाला जोडतो तसे जोडले, लपवत नाही.

पुढं कॉम्प्युटर आले, टायपिंगचा क्लास रोडावला. सरांनी दोन कॉम्प्युटर घेतले, पण त्याला आवाज नाही म्हणून कुरकुरायचे. सर गेले ते घरातच. पावसाळा सरता सरता, दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. नदीचा काही संबंध नाही. आम्ही आयुष्यभर जिची धास्ती घेतली, तिनं काही केलं नाही.

नंतर थंडीत एक दिवस वहिनी दुकानात आल्या. हातात सॅक, निळा रंग उडून राखाडी झालेला. दुसऱ्या हातात सरांची कुबडी. वहिनींचे गुडघे धरले होते, दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना धाप लागली होती.

“पट्टे तेवढे बारीक करून द्या भाऊजी. माझ्या मापाचे.”

मी सॅक हातात घेतली.

“उद्या पौर्णिमा. गळ काय मला येत न्हाय. तेवढा चारा टाकून येते. ही कुबडी ठोकल्याबिगर ती याची न्हाईत.”

“वहिनी, ती उतरण तुम्हाला... मी येतो की संगट.”

“संगट माणूस न्यायचं असतं तर ह्यांनी ही सॅक कशाला घेतली असती?”

मशीनवर बसून पट्टे आखूड केले. बक्कल होतं तिथंच ठेवलं. वहिनींनी सॅक पाठीला लावली, पट्टा आवळला, पदर खोचला आणि दुकानाच्या मधोमध उभ्या राहिल्या.

“ते पोतं हाय का अजून?”

होतं. मी अंथरलं.

“आधी पडून बघते,” वहिनी म्हणाल्या आणि गुडघे सोडून दिले.

उठायला वेळ लागला. एकदा कुबडी निसटली. कळ येऊन त्या कण्हल्या, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवून उभा राहिलो. फार जड गेलं.

मग त्या उठल्या. लुगडं झटकलं, डाव्या अंगठ्यानं बक्कल एकदा सोडून पुन्हा लावलं.

“बसती,” म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.